बोरघाटांतली सोडून दिलेली वाट

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली कीं बहुतेक प्रवाशांचें लक्ष बटाटेवड्यांकडे लागतें. पुष्कळदां त्याच सुमारास गाडीच्या शेपटीकडून एक हलकासा धक्का येतो. मागून जोर देणारीं इंजिनें, ज्यांना रेल्वेची मंडळी बँकर म्हणतात, तीं जोडलीं गेलेलीं असतात. मग पळसदरी मागें पडते, ठाकूरवाडी येते, मंकी हिल येते, एका बोगद्यामागून दुसरा बोगदा डोळ्यांवर काळोखाचा हात ठेवून जातो, आणि थोड्याच वेळांत गाडी खंडाळ्याच्या गार वाऱ्यांत शिरते. मुंबई-पुण्याच्या घराघरांतून हा प्रवास इतक्यांदां झालेला असतो कीं त्यांत पाहण्यासारखें कांहीं उरलें आहे असें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

परंतु या घाटांत आगगाडीच्या वाटा दोन आहेत. एक जिवंत, जिच्यावरून आजच्या गाड्या धांवतात, दुसरी मृत. ही दुसरी वाट जिवंत वाटेपासून फार दूर नाहीं. नागफणीच्या, म्हणजे ज्या सुळक्याला इंग्रजांनीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून ‘ड्यूक्स नोज’ म्हटलें त्या सुळक्याच्या परिसरांत, एका अरुंद डोंगरसोंडेवर तिचा सांधा होता. सहासष्ट वर्षें त्या वाटेनें गाड्या चढल्या आणि उतरल्या. १९२९ सालीं ती सोडून देण्यांत आली. ती तशी कां बांधली गेली, कां सोडली गेली आणि तिच्या अवशेषांपासून आज काय वाचतां येतें, हें समजून घेतलें म्हणजे खिडकींतून दिसणारा घाट निराळा दिसूं लागतो.

पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. अंतर एकवीस मैलांचें, जमीन सपाट. पुढल्याच वर्षीं रूळ कल्याणला पोंचले आणि १८५६ मध्यें ते सह्याद्रीच्या पायथ्याशीं, खोपोलीस, येऊन ठेपले. तेथें मात्र भिंत आडवी आली. कोंकण आणि देश यांच्यामध्यें सह्याद्रि सुमारें दोन हजार फुटांचा कडा होऊन उभा आहे. तो हळूहळू चढत नाहीं, एकदम उठतो. घाटाच्या माथ्यावरचें काम आधीं उरकून खंडाळा ते पुणें हा मार्ग १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. त्यामुळें एक चमत्कारिक अवस्था उत्पन्न झाली. खालीं रूळ होते, वर रूळ होते, मध्यें नव्हते. मुंबईचा प्रवासी खोपोलीस उतरे, तेथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढे आणि खंडाळ्यास पुन्हां आगगाडींत बसे. ही तुटलेली सांखळी जोडावयास आणखी पांच वर्षें लागलीं.

घाटांत गाडीरस्ता पूर्वींच झाला होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, तो वाहतुकीस खुला झाला. त्याच्याही आधीं बैलांचे तांडे आणि माणसांच्या पायवाटा होत्या. या वाटांची माहिती ज्यांना होती त्यांत घाटावरचे धनगर मुख्य. जुन्या रस्त्यावर आजही शिंगरोबाचें देऊळ आहे आणि गाडीवाले तेथें नाणें टाकून पुढें जातात. लोककथा अशी कीं शिंगरोबा नांवाच्या धनगरानें साहेबांना घाटाची वाट दाखविली आणि बक्षीस म्हणून देशाचें स्वातंत्र्य मागितलें. तेव्हां त्याला गोळी घालण्यांत आली. ही कथा कागदपत्रांची नव्हे, लोकांच्या आठवणीची आहे. पण डोंगराची ओळख दुर्बिणींतून नव्हे तर पायांनीं होते, आणि ती ओळख ज्यांनीं करून दिली त्यांचीं नांवें नकाशावर येत नाहींत, एवढें सत्य तिच्यांत निश्चित आहे.

बैलगाडीची वाट आणि आगगाडीची वाट यांत मूलतः भेद आहे. बैल चढणीवर थांबेल, दम खाईल, वळसा घेईल. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतें तें फार थोड्या घर्षणानें, आणि हेंच आगगाडीचें बळ व हाच तिचा दुबळेपणा. सपाटीवर थोड्या शक्तीनें मोठें ओझें ओढतां येतें. चढण लागली कीं तेंच गुळगुळीत चाक जागच्याजागीं फिरूं लागतें. उतारावर उलट संकट. चाक अडविलें तरी रुळावरून घसरत जातें. म्हणून आगगाडीच्या इंजिनिअरास चढ मोजून मापून द्यावा लागतो. बोरघाटांत सर्वांत तीव्र चढ ठरला तो सदतीस फुटांस एक फूट. रस्त्याच्या मानानें हा चढ क्षुल्लक वाटेल. त्या काळच्या वाफेच्या इंजिनास मात्र ती जवळजवळ शेवटची मर्यादा होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले यांच्यापुढें प्रश्न होता तो हा. एकंदर उंची गांठावयाची १८३१ फूट. सदतिसांत एक या मर्यादेच्या आंत राहून, मधून मधून सौम्य चढ देत ही उंची चढावयाची तर पंधरा मैलांहून अधिक लांबीची वाट हवी. आणि कडा तर समोरच उभा. अर्थात् वाट लांबविणें भाग होतें. डोंगराच्या कुशीकुशीनें, सोंडेवरून सोंडेवर जात, मध्यें आडव्या येणाऱ्या खडकांतून सुमारें पंचवीस बोगदे पाडून आणि दऱ्यांवर आठ मोठे कमानींचे पूल बांधून ती लांबविण्यांत आली. बोगद्यांचीच लांबी दोन मैलांवर गेली. कापून काढलेला खडक व माती वीस लाख घनयार्डांच्या घरांत, आणि खर्च सुमारें अकरा लाख पौंड.

येवढें करूनही एक जागा अशी राहिली कीं तेथें वाट लांबवितां येईना. चढणीचा बराच मोठा भाग संपल्यावर मार्ग एका निमुळत्या सोंडेवर येई. दोन्ही अंगांस खोल दरी, समोर कडा. गाडीला वळण देण्यापुरती रुंदी त्या सोंडेवर नव्हती, आणि कडा फोडून लांबलचक बोगदा काढणें त्या काळच्या साधनांनीं फार वर्षांचें काम झालें असतें. यावर जो तोडगा निघाला त्याला नांव मिळालें रिव्हर्सिंग स्टेशन. मराठींत त्याला उलटफेऱ्याचें ठाणें म्हणतां येईल.

त्याची युक्ति सोपी होती. खालून चढत आलेली गाडी सोंडेच्या टोकापर्यंत सरळ जाई आणि तेथें थांबे. पुढें रूळ संपलेले. मग इंजिन सोडवून, बाजूच्या रुळावरून नेऊन, गाडीच्या दुसऱ्या टोंकास जोडीत. आतां जो डबा शेवटचा होता तो पहिला होई, आणि गाडी आली तिकडेच तोंड करून निघे. परंतु सांधा बदललेला असल्यामुळें आलेल्या रुळावर न जातां दुसऱ्या, वर चढणाऱ्या रुळावर जाई. जिन्याच्या मधल्या चौकावर माणूस जसा फिरून उलट दिशेनें पुढल्या पायऱ्या चढतो, तसाच हा प्रकार. रुंद वळणाला लागणारी जागा वांचली, उंची मिळाली आणि कड्याला हात न लावतां मार्ग पुढें सरकला. नाशिककडे जाणाऱ्या थळघाटांतही, जो १ जानेवारी १८६५ रोजीं सुरू झाला, असेंच उलटफेऱ्याचें ठाणें करावें लागलें.

कागदावर सोपी दिसणारी ही वाट प्रत्यक्ष खडकांत कोणीं उतरविली, याची हकीकत अधिक गंभीर आहे. काम १८५६ च्या आरंभीं सुरू झालें. कंत्राट विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल यांस मिळालें; मुंबई-ठाण्याच्या पहिल्या मार्गाच्या कामांतही त्यांचा भाग होता. सह्याद्रीचा खडक म्हणजे काळा कातळ. डायनामाइट अजून जगांत आलें नव्हतें. तें आलें १८६७ मध्यें. तेव्हां सारी मदार साध्या सुरुंगाच्या दारूवर. पहारेनें खडकांत भोंक पाडावयाचें, दारू ठासावयाची, वात लावून पळावयाचें. जेथें कड्यावर पाय ठेवावयास जागा नसे तेथें माणसांना वरून दोरांनीं सोडीत, आणि तीं लोंबकळत राहून भोंकें पाडीत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कामाला खीळ बसे, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत माणसांची गर्दी करावी लागे. १८६१ च्या उघाडींत घाटावर बेचाळीस हजारांवर माणसें एकाच वेळीं राबत होतीं. येवढी वस्ती डोंगरांत झोंपड्या घालून राहिली तर पाणी कसें असेल आणि स्वच्छता कशी असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. पटकीची आणि तापाची सांथ आली ती या वस्त्यांत. सुरुंगानें आणि दरडीनें घेतले त्याहून अधिक बळी रोगानें घेतले.

मजुरीचा प्रश्न तर त्याहीपूर्वीं पेटला होता. कंत्राटदार, त्याच्या खालचे पोटकंत्राटदार, त्यांच्या खालचे मुकादम अशा उतरंडींतून मजुरी खालीं येई, आणि येतां येतां अडे. जानेवारी १८५९ मध्यें थकलेल्या मजुरीवरून घाटांत दंगा झाला. चौकशी बसली. मार्चमध्यें फॅव्हिएल यांनीं कंत्राट सोडून दिलें. मजुरांच्या हातीं लेखणी नव्हती. तरी कामाच्या दप्तरांत त्यांचा आवाज जो एकदां स्पष्ट उमटला तो या दंग्याच्या निमित्तानें.

त्यानंतर कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांस देण्यांत आलें. ते १८५९ च्या शरदांत विलायतेहून येऊन पोंचले आणि कांहीं आठवड्यांतच, नोव्हेंबर संपतां संपतां, मरण पावले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें परत न जातां कंत्राट आपल्याकडे घेतलें आणि ॲडम्सन व क्लाउझर या दोघां अनुभवी इंजिनिअरांच्या हातून तें शेवटास नेलें. त्या काळांत एका विधवेनें एवढ्या प्रचंड कामाची जबाबदारी पत्करावी ही सामान्य गोष्ट नव्हे.

२१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें घाटाचा मार्ग खुला झाला. मुंबईचा प्रवासी प्रथमच गाडी न बदलतां पुण्यास पोंचला. ज्यांनीं ही वाट आंखली ते बर्कले मात्र समारंभास नव्हते. आजारी होऊन ते स्वदेशीं परतले होते आणि ऑगस्ट १८६२ मध्यें, बेताळीस-त्रेचाळीस वर्षांच्या वयांत, त्यांचा अंत झाला होता. खोपोलीचें महत्त्वही त्याच दिवशीं ओसरलें. जेथें सारी मुंबई उतरत असे तें स्टेशन एका फांट्याचें शेवटचें टोंक होऊन राहिलें, आणि आजही तें तसेंच आहे. कर्जतहून खोपोलीस जाणारी लोकल ही एका अर्थीं त्या तुटक्या वाटेच्या काळाची जिवंत खूण आहे.

नव्या वाटेनें आपले दोष लवकरच दाखविले. १९ जुलै १८६७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, महूकी-मल्ली येथील कमानींचा मोठा पूल कोसळला. त्या काळच्या कित्येक पुलांत एक व्यंग होतें. बाहेरून घडीव दगडाचा सुंदर चेहरा, आणि आंत भरताड. चुना कमी, दगड गोटे सैल. दिसण्यांत भक्कम, सोसण्यांत पोकळ. सह्याद्रीचा पाऊस अशा कामाची परीक्षा घेतो आणि निकाल लपवीत नाहीं. या पडझडीनंतर रेल्वेच्या दगडी कामाकडे पाहण्याची दृष्टि अधिक कडक झाली.

दुसरा दोष उलटफेऱ्याच्या ठाण्याचा. त्या ठाण्यांत रूळ संपत, आणि रूळ संपत त्यापुढें दरी. चढत्या गाडीला यांत भय नव्हतें. उतरत्या गाडीला होतें. वाफेच्या त्या पहिल्या काळांत सर्व डब्यांना एकाच वेळीं लागणारे ब्रेक नव्हते. इंजिनाचा ब्रेक आणि गाडीबरोबरच्या ब्रेकवाल्यांनीं हातानें फिरवावयाचे ब्रेक, एवढ्यावर सारा उतार सांभाळावयाचा. जानेवारी १८६९ मध्यें घाट उतरणारी एक गाडी ताब्यांतून गेली आणि ठाण्याच्या टोंकाशीं तिचा नाश झाला; त्यांत माणसें दगावलीं. जी सोंड इंजिनिअरास सोयीची वाटली होती तीच घाटांतली सर्वांत भयंकर जागा आहे, हें त्या दिवशीं कळून आलें.

उतारावरून सुटलेल्या गाडीसाठीं घाटांत आजही जी सोय दिसते तिला कॅच सायडिंग म्हणतात. मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे वर चढत जाणारा आणि मध्येंच संपणारा हा रुळांचा तुकडा असतो. सांधा नेहमीं त्याच्याच बाजूस लावलेला. उतरणारी गाडी ताब्यांत आहे अशी खात्री पटली तरच सांधा मुख्य मार्गास लावतात. गाडी सुटलेली असेल तर ती आपोआप या चढावर जाते आणि तिचा वेग चढणच खाऊन टाकते. जो चढ इंजिनाचा शत्रु, त्यालाच येथें रक्षक केलेलें आहे.

मग ही वाट सोडली कां गेली? एक कारण वेळ. प्रत्येक गाडीला थांबून इंजिन फिरवावें लागे. दुसरें कारण लांबी. सोंडेवर जेवढी जागा तेवढीच गाडी. डबे वाढवावयाचे तर डोंगर वाढवावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पुरेशी असलेली गाडी विसाव्या शतकाच्या व्यापाराला व प्रवासाला अपुरी पडूं लागली. तिसरें कारण वीज. तीव्र चढावर वाफेचें इंजिन कष्टानें हळूहळू जाई आणि बोगदा लांब असला तर धुरानें चालकाचा व प्रवाशांचा जीव घुसमटे. म्हणून बोगदे शक्यतों आंखूड ठेवणें इष्ट असे. विजेच्या इंजिनाला धूर नाहीं. खडक फोडण्याचीं साधनेंही सत्तर वर्षांत पार बदललीं होतीं. तेव्हां ज्या कड्याला बर्कले यांनीं वळसा घातला, त्याच्याच पोटांतून आतां मार्ग नेतां आला. १९२९ सालीं पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, उलटफेऱ्याचें ठाणें बंद पडलें, आणि १ जून १९३० रोजीं दख्खनची राणी ही गाडी या नव्या वाटेनें धांवूं लागली. मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या लांबट, सांधेदार इंजिनांना रेल्वेचे कामगार ‘खेकडा’ म्हणत. तींही आतां सेवेंतून गेलीं आहेत. एका वाटेला मारणारी यंत्रेंही काळानें जुनीं केलीं.

सोडलेल्या लोहमार्गाचे अवशेष ओळखण्याची एक रीत आहे, आणि ती केवळ बोरघाटाला लागू नाहीं. रूळ आणि स्लीपर प्रथम जातात. लोखंड व लांकूड यांना नेहमींच गिऱ्हाईक असतें. कित्येक जुन्या स्टेशनांच्या कुंपणांत उभे केलेले रूळ दिसतात ते असेच निवृत्त झालेले. पण वाट स्वतः राहते. रानांत चालतांना एखादी सपाट पट्टी लागली, तिचा चढ डोळ्यांना जाणवतच नाहीं, तिचें वळण ऐसपैस आहे आणि ती टेंकाडाला वळसा न घालतां त्याला कापून जाते, तर ती बैलगाडीची वाट नव्हे. गाडीवाट डोंगराचें ऐकते. आगगाडीची वाट डोंगराला आपलें ऐकावयास लावते. कापलेल्या खडकावर सुरुंगाच्या भोंकांच्या उभ्या खोबणी दिसल्या, पायांखालीं एकाच मापाची खडी लागली, ओढ्यावर घडीव दगडांची लहानशी मोरी आढळली, कीं अनुमान पक्कें होतें. जुन्या बोगद्याच्या छताला वाफेच्या काळची काजळी चिकटलेली असते. आणि एकटा उभा असलेला पुलाचा खांब तर ओरडूनच सांगतो कीं येथें पूर्वीं कोणी तरी दरी ओलांडीत होतें.

अशा अवशेषांचें मोल केवळ कुतूहलाचें नव्हे, हें बोरघाटांतल्याच एका गोष्टीनें दाखविलें. २००२ सालीं पूर्ण झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर खंडाळ्याजवळ एक दगडी पूल आडवा होता. त्याच्यावरच्या एका मलमाच्या जाहिरातीमुळें सारे लोक त्याला अमृतांजन पूल म्हणत. त्याच्या खांबांमुळें वाहतूक अडते, अपघात होतात, अशी तक्रार पुष्कळ वर्षांची होती. एप्रिल २०२० मध्यें, टाळेबंदीमुळें रस्ता रिकामा असतांना, सुरुंग लावून तो पाडण्यांत आला. त्या वेळीं वर्तमानपत्रांतून त्याचें वय एकशें नव्वद वर्षें म्हणून सांगण्यांत आलें, आणि त्याच वेळीं रेल्वेच्या उलटफेऱ्याच्या ठाण्याशींही त्याचा संबंध जोडण्यांत आला. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहींत. १८३० हें साल घाटांतल्या गाडीरस्त्याचें. आगगाडी घाटांत आली १८६३ मध्यें. पूल उभा होता तोंवर त्याच्या दगडांची घडण, चुन्याचा कस, माथ्याची रुंदी हीं मोजून त्यालाच साक्ष विचारतां येत होती. साक्षीदार पाडल्यावर उरतात त्या केवळ आठवणी, आणि आठवणी सालें मिसळतात.

रस्त्यावरच्या माणसाचा जीव दगडाहून मोलाचा आहे यांत वाद नाहीं; तो पूल पाडावयास नको होता असेंही म्हणतां येणार नाहीं. परंतु पाडण्यापूर्वीं मोजणें, चित्रें घेणें, एखादी कमान तरी निराळी उभी करून ठेवणें, आणि जो मजकूर प्रसिद्ध होईल तो तपासून पाहणें, एवढें तर सहज होण्यासारखें असतें. जुनी वास्तु ठेवावी कीं पाडावी हा प्रश्न अवघड आहे. तिची नोंद ठेवावी कीं नाहीं हा मुळीं प्रश्नच नव्हे.

महाराष्ट्रांत अशा प्रश्नांची संख्या वाढतच जाणार आहे. विदर्भांत मूर्तिजापुराहून एकीकडे यवतमाळास आणि दुसरीकडे अचलपुरास जाणारी अरुंद मापाची गाडी, जिला लोक प्रेमानें शकुंतला म्हणतात, ती कापसाच्या वाहतुकीसाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाली. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन ओढीत होतें. आतां ती थांबली आहे. ज्या गांवांना तिच्याखेरीज स्वस्त वाहन नव्हतें त्या गांवांतून ती पुन्हां चालू व्हावी अशी मागणी होत असते. सोडलेली वाट शहरी प्रवाशाला रम्य वाटते. ज्याच्या दारांतली गाडी गेली त्याला ती रम्य वाटत नाहीं, हेंही विसरतां कामा नये. मिरज-लातूर मार्गावर, जेथें पूर्वीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी चालत असे, तेथें रुंद रूळ येऊन वाट नव्यानें जिवंत झाली. प्रत्येक जुन्या मार्गाचा शेवट एकच असतो असें नाहीं.

बोरघाटाचे अवशेष पाहण्याची इच्छा ज्यांना होईल त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुनी वाट आणि चालू मार्ग कित्येक ठिकाणीं अगदीं लगत आहेत. रुळांवरून चालणें हा रेल्वेच्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि घाटांतल्या वळणावर, वाऱ्याच्या आवाजांत, उतरत्या गाडीची चाहूल फार उशिरां लागते. द्रुतगति मार्गाच्या कडेला थांबणेंही तितकेंच घातक. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून, हवा स्वच्छ असतांना, घाटाची सारी रचना एका दृष्टींत येते. आणि गाडीची खिडकी तर सर्वांनाच मोकळी आहे. पावसाळा सरून धुकें फिटलें आणि गवत अजून उंच असलें तरी कड्यांवरच्या दगडी रेषा ओळखूं येतात. एकदां ओळख पटली कीं नजर त्या आपोआप शोधूं लागते.

त्या रेषांमागें काय आहे तें मात्र खिडकींतून दिसत नाहीं. बर्कले यांचें नांव ग्रंथांत राहिलें, ट्रेडवेल पति-पत्नींची कथा राहिली, गव्हर्नरांचा समारंभ राहिला. ज्या बेचाळीस हजारांनीं एका उघाडींत हा कातळ फोडला, जे दोराला लोंबकळून भोंकें पाडीत होते, ज्यांनीं थकलेल्या मजुरीसाठीं एकदां हात उगारला, त्यांचीं नांवें घाटांतल्या कोणत्याही कमानीवर कोरलेलीं नाहींत. त्यांच्या हातची खूण म्हणजे तो कातळ स्वतः, त्यावरची ती उभी खोबण. तीवर चालणारी वाट बंद झाली म्हणून ती खूण पुसली जात नाहीं. कोणी ती वाचावयाची सोडून दिली तरच पुसली जाते. पुढल्या खेपेस कर्जतला गाडीला मागून धक्का बसेल तेव्हां वडा खातां खातांच एकदां खिडकीबाहेर पाहावें. पहिल्या बोगद्याच्या काळोखांत शिरण्यापूर्वीं कापलेल्या खडकाची भिंत अगदीं हाताच्या अंतरावरून जाते.